पुतळ्याचा उजवा हात

पुतळ्याला विजार नव्हती, म्हणून पोरं माझ्या दारात आली.

“आक्का, एखादी जुनी पँट द्या की,” मुरुगेश म्हणाला. “वरचं सगळं झालंय. शर्ट आहे, टोपी आहे, गळ्यात शिट्टीपण अडकवलीय. खाली मात्र नुसता पेंढा.”

“जाळायचाच आहे ना मेल्याला? मग लाज कशाला राखताय त्याची?”

“तसं नाही आक्का, बाजारातनं मिरवायचाय. बायामाणसं असतात.”

हा मुरुगेश म्हणजे आमच्या हॉकी क्लबाचा कप्तान. आजा मद्रासकडून दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला आलेला, पण नातू शिव्या द्यायला लागला की अस्सल खडकीचा. क्लबाचं मैदान माझ्या खाणावळीच्या मागच्या भिंतीला लागून. त्यामुळं पोरं सकाळी तिकडं खेळायची, दुपारी इकडं जेवायची आणि मधल्या वेळात माझं डोकं खायची.

मी हात धुतले, ट्रंक उघडली आणि आमच्या ह्यांची खाकी विजार काढून दिली. हे क्लबाचे गोलकीपर होते. जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. विजार ठेवून तरी कुणाला घालणार होते? चांगल्या कामाला जातेय, म्हटलं.

काम चांगलंच होतं, आमच्या मते. आमच्या आळीतला सायमन साळवे राज्याच्या संघात होता. पेनल्टी कॉर्नर घ्यावा तर त्यानंच. चेंडू असा जायचा, की गोलकीपरला मागच्या गोलाच्या फळ्या वाजल्यावर कळायचं. तर त्या सायमनला संघातून काढलं होतं. पेपरात एवढंच आलं होतं, की भोपाळच्या सामन्यात व्यवस्थापनाशी मतभेद झाले आणि लेखी माफी दिल्याशिवाय त्याला परत घेणार नाहीत. मॅनेजर कोण, तर कुणी नाडगौडा.

“नाडगौडा!” मुरुगेशनं नाव असं उच्चारलं, जसं काही घशात माशाचा काटा अडकलाय. “ह्याला कधी पाहिलाय का कुणी? खुर्चीत बसून जाडा झाला असणार. मिशा असणार.”

म्हणून पुतळा जाडा केला, मिशा काढल्या. मिशा यासीननं रंगवल्या. यासीनचं सायकलचं दुकान होतं, पण बोर्ड रंगवण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं. चौकात त्यानंच पाटी लावली होती, ‘सायमन, झुकू नकोस!’ लाल रंगात, खाली दोन स्टिका एकमेकींवर ठेवलेल्या.

आणि माझंही नाव झालं होतं. पेपरवाला विचारायला आला, तेव्हा मी तवा उतरवून त्याला सांगितलं होतं, “लिहून घे बाबा. खडकीचा पोरगा माफी मागत नसतो.” दुसऱ्या दिवशी ते जसंच्या तसं छापून आलं. मी दुसरीपर्यंत शिकलेली, पण मोठी अक्षरं जुळवून वाचता येतात. तेवढं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं.

तर चौकात पुतळा उभा केला. बाजार बंद. पोरं स्टिका घेऊन गोल उभी. मुरुगेश म्हणाला, “पहिला फटका आक्काचा!”

मी ह्यांची स्टिक बरोबर आणली होती. पदर खोचला आणि दिला एक ठेवून. काय बसला म्हणता! पुतळ्याचा उजवा हात खांद्यातून निसटून यासीनच्या दुकानापाशी जाऊन पडला. सगळा चौक हसला. शिट्ट्या काय, टाळ्या काय. मग पोरांनी स्टिकांनी झोडपून झोडपून त्याचा भुगा केला आणि राहिलेल्याला काडी लावली.

सायमन त्या दिवशी दिसला नाही. म्हटलं, पोरगं लाजत असेल.

पुढच्याच आठवड्यात पेपरात आलं: सायमन साळवेची व्यवस्थापनाकडे बिनशर्त माफी.

खाणावळीत त्या दुपारी कुणी धड जेवलं नाही. रस्सा तसाच गार झाला.

“बिनशर्त!” यासीन म्हणाला. “म्हणजे एक अटसुद्धा नाही. निदान एक तरी घालायची रे. सुरुवातीला चहा पाजा म्हणावं.”

“आम्ही इथं घसा बसवला,” मुरुगेशनं ताट सरकवलं, “आणि ह्यानं तिकडं जाऊन बूट चाटले. आक्का, तुमचं नाव छापून आलंय पेपरात. आता त्या नाडगौडाच्या बायकोनं वाचलं असेल, हसली असेल.”

ते मला लागलं. उगाच कशाला खोटं बोलू?

“तुझ्या बापाची शपथ घालते मुरू,” मी म्हटलं, “आधी जेव. मग कुणाचे बूट आणि कुणाची जीभ ते बघू.”

“जेवण नको. परवा खंडेनवमी आहे. सायमनची स्टिक पूजेत नको, एवढंच सांगा.”

आमच्याकडं खंडेनवमीला शस्त्रं म्हणून हॉकी स्टिका पुजतात. ही चाल ह्यांनीच पाडली. माझ्या अंगणात घोंगडी अंथरायची आणि सगळ्या क्लबाच्या स्टिका मांडायच्या. मुरुगेशची, यासीनची, कुणाचीही. सायमनची आई मार्थाबाई रविवारी चर्चला जाणारी, पण त्या दिवशी लेकाची स्टिक धुतलेल्या टॉवेलात गुंडाळून सगळ्यात आधी तीच यायची. राज्याच्या संघात गेल्यापासून सायमनची स्टिक मधोमध ठेवायचो. आणि पूजेत नसलेली स्टिक दसऱ्यानंतर आमच्या मैदानावर उतरत नव्हती. तसं कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण उतरत नव्हती.

संध्याकाळी मार्थाबाई आली. हातात टॉवेलही नव्हता.

“आक्का, त्यानं स्टिक माळ्यावर टाकलीय,” ती म्हणाली. “संघात परत घेतलंय त्याला. दसऱ्यानंतर शिबिर आहे, पण जात नाही म्हणतो. म्हणतो, आपल्याच आळीला नको असेल तर मी कुणासाठी खेळू? तू एकदा म्हण, की आण तुझी स्टिक. तुझ्या शब्दाबाहेर पोरं नाहीत.”

“माफी का मागितली त्यानं?”

“मला नाही सांगत. जेवतसुद्धा नाही नीट.”

“मार्था, मी पेपरात शब्द दिलाय. तो त्यानं खाली पाडला. त्यालाच पाठव. माझ्यासमोर उभं राहून सांगू दे, का झुकला ते. मग बघते.”

“आणि नाही आला तर?”

“तर काय, त्याची स्टिक माळ्यावर आणि माझा शब्द पेपरात.”

ती उठली तेव्हा डोळे पुसत होती. मी भाकऱ्या मोजायला लागले. मोजायची काही गरज नव्हती.

खंडेनवमीच्या सकाळी अंगण सारवलं, घोंगडी अंथरली. झेंडूचा ढीग, हळदीकुंकू, खोबरेलाची वाटी आणि पाण्यानं भरलेलं तांब्याचं घंगाळ. पोरं एकेक करून स्टिका आणून भिंतीला टेकवायला लागली. मधोमध कुणाची ठेवायची, यावरून आतापासूनच कुजबुज चालू होती.

तेवढ्यात फाटकाशी एक माणूस येऊन उभा राहिला. काटकुळा, तोंड गुळगुळीत, पायात साध्या चपला. उजवा हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला.

“सायमन साळवेंचं घर कुठं आलं?”

“त्याच्याकडं काय काम?”

“भेटायचं होतं. शिबिराला येणार की नाही, विचारायचं होतं.”

संघाचा कारकून बिरकून असेल, असं मला वाटलं. “या, आत या. उन्हात उभं राहू नका. आला तर तो इथंच येईल. हाताला काय झालं हो?”

“पायरीवरून पडलो.”

“डोळे कुठं होते?”

“पुढंच होते, बाई,” तो हसून म्हणाला. त्याला पाट दिला, चहा दिला. डाव्या हातानं बशी सांभाळताना त्याची तारांबळ उडत होती, म्हणून मी बशी काढून घेतली आणि कप हातात दिला.

“एवढ्या स्टिका!” तो म्हणाला. “आणि हे पाणी कशासाठी?”

आता ह्यांच्या चालीबद्दल कुणी विचारलं आणि मी गप्प बसले, असं कधी झालं नाही. “आमच्या मालकांचा नियम आहे,” मी सांगितलं. “वर्षभरात ज्यानं रागाच्या भरात स्टिक उगारली, आपटली, फेकली, त्यानं आज सगळ्यांच्या स्टिका धुवायच्या, पुसायच्या, तेल लावायचं. तोंडानं काही बोलायचं नाही. कुणी विचारायचंही नाही. गपचूप येऊन घंगाळापाशी बसायचं, की झालं. दर वर्षी कुणी ना कुणी बसतोच. पोरं गरम डोक्याची.”

“चांगला नियम आहे.”

“आहेच. आमच्या मालकांचा आहे.”

“यंदा कोण बसणार?”

“यंदा कुणी नाही,” मुरुगेश मध्येच बोलला. “यंदा क्लबात एक भांडण नाही झालं. सगळा राग आम्ही त्या नाडगौडावर काढला. तुम्ही ओळखत असाल त्याला.”

“थोडाफार.”

“मग सांगा त्याला, खडकीत पाय ठेवू नको म्हणावं. चौकात पुतळा झोडला त्याचा. आक्कानं पहिला फटका दिला, तर उजवा हात इथून तिथं गेला!”

“अस्सं?” त्या माणसानं कप खाली ठेवला. “कशानं मारलं, बाई?”

“ही काय,” मी अभिमानानं ह्यांची स्टिक दाखवली. “आणि ह्या सगळ्यांनी आपापल्या.”

तो भिंतीशी टेकवलेल्या स्टिकांच्या रांगेकडं बघत राहिला. “मग त्यांचं काय? त्या रागानंच उचलल्या की.”

“अहो, पुतळ्यावर!” मी म्हटलं. “पुतळा म्हणजे काय माणूस आहे का?”

“नाही, ते खरंच,” तो म्हणाला आणि कप पुन्हा उचलला.

फाटक वाजलं. सायमन होता. मागे मार्थाबाई. सायमनच्या हातात टॉवेलात गुंडाळलेली स्टिक होती. दाढी वाढलेली. एरवी हा पोरगा अंगणात शिरला की आधी झाकण उचलून रस्सा बघायचा. आज उंबऱ्याशीच थांबला. मुरुगेश उठून त्याच्या आडवा उभा राहिला.

“ती परत घेऊन जा.”

“आक्कानं बोलावलंय मला.”

“बूट चाटायला तिकडं गेलास, आता हळदीकुंकवाला इकडं?”

“मुरू, बाजूला हो,” मी म्हटलं. “सायमन, इकडं ये. मला एकच सांग. माफी का मागितलीस?”

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि बोलायला तोंड उघडलं. मग त्याची नजर पाटाकडं गेली, आणि पोरगं पांढरंफटक पडलं.

“सर?”

तो प्लॅस्टरवाला माणूस उठायला लागला. “बस, बस. मी आपला चहाला आलोय.”

“सर, तुम्ही इथं कशाला आलात? इथं तुमचा...”

“माहीत आहे. फारच जाडा केला होता, असं ऐकलं.”

यासीनच्या हातातली झेंडूची माळ सुटली. मुरुगेश एकदा त्या माणसाकडं बघे, एकदा माझ्याकडं. मला समजायला एक क्षण लागला. मी नाडगौडाला चहा पाजला होता. वर बशी धरून.

“हेच नाडगौडा?” मी विचारलं.

“हेच, आक्का.” सायमननं स्टिक छातीशी धरली होती. “तू विचारलंस ना, माफी का मागितली? सांगतो. भोपाळला शेवटची पाच मिनिटं राहिली असताना सरांनी मला बाहेर बोलावलं. माझा पाय दुखावला होता, त्यांना दिसत होतं. मला राग आला. बाहेर आलो आणि स्टिक फेकली. जमिनीवर नाही. त्यांच्यावर. त्यांनी तोंडापुढं हात धरला म्हणून डोळा वाचला. हात वाचला नाही.”

त्यानं स्टिकेवरचा टॉवेल सारखा केला.

“डॉक्टरला हे म्हणाले, पायरीवरून पडलो. पेपरवाल्याला म्हणाले, मतभेद. खरं सांगितलं असतं तर मला कायमचं घरी बसवलं असतं. मला एवढंच म्हणाले, चार ओळी लिहून दे, म्हणजे तुला परत घ्यायला माझं तोंड उघडेल.”

“मग द्यायच्या होत्या की रे चार ओळी!” यासीन म्हणाला. “पाटी कशाला रंगवू दिलीस मला?”

“ती पाटी वाचूनच नाही दिल्या. म्हटलं, सगळी खडकी माझ्यामागं आहे, आक्का पेपरात बोलतेय, मी कशाला झुकू? इतकं सोपं होतं ते. मग त्या दिवशी पुतळा झोडला, तेव्हा मी तुझ्या दुकानाच्या आडोशाला उभा होतो, यासीन. आक्कानं फटका मारला आणि तो हात माझ्या पायाशी येऊन पडला. उजवा. सगळे हसले. मी पण हसायला गेलो. हसू येईना. त्या रात्री घरी जाऊन लिहून टाकलं.”

मार्थाबाईनं तोंडाला पदर लावला होता. मुरुगेश पायाच्या अंगठ्यानं सारवण उकरत होता. एरवी मी त्याला त्यासाठी चांगला हाणला असता.

“हे तू आधी का नाही सांगितलंस?” तो पुटपुटला.

“तू कधी विचारलंस? तू बूट मोजत होतास.”

सायमननं टॉवेल सोडला, स्टिक भिंतीशी ठेवली, मधोमध नाही, अगदी टोकाला. बाह्या दुमडल्या आणि येऊन घंगाळापाशी बसला. पहिली हाताला लागली ती मुरुगेशची स्टिक. तिच्यावर मुरमाची माती होती आणि दांड्यापाशी पेंढ्याची एक काडी अडकलेली. सायमननं ती काडी काढून बाजूला ठेवली, पाणी घातलं आणि चोळायला लागला.

मी उभी होते. आयुष्यात मी कुणाची माफी मागितलेली नाही. सासूची नाही, ह्यांची नाही, पोलिसाचीसुद्धा नाही. सवयच नाही जिभेला. पण ह्यांचा नियम जिभेसाठी नव्हताच कधी. आणि नियम ह्यांचा असला, तर तो आधी त्यांच्याच स्टिकेला लागू व्हायला हवा.

मी पदर खोचला. ह्यांची स्टिक उचलली आणि घंगाळाच्या दुसऱ्या बाजूला मांडी घालून बसले.

“आक्का, तू कशाला?” सायमन म्हणाला.

“विचारायचं नसतं. विसरलास का नियम?”

मग यासीन आला. खाली बसताना त्याचे गुडघे वाजले. मग बाकीची पोरं. घंगाळाभोवती जागा पुरेना. शेवटी राहिला मुरुगेश. तो आला आणि सायमनला खांद्यानं ढकलून त्याच्या शेजारी घुसला. “सरक,” म्हणाला, “माझी स्टिक तुला नाही जमत. इकडं आण तुझी, मी धुतो.”

“नीट धू. शिबिराला न्यायचीय.”

“ताटासारखी लख्ख करून देतो. जेवतानासुद्धा तोंड बघ तिच्यात.”

कुणीतरी हसलं आणि मग सगळेच हसले. मार्थाबाई हसता हसता रडायला लागली, तशी मी तिला म्हटलं, “रडतेस काय, खोबरेल आण.”

नाडगौडा सर पाटावरून उठून घंगाळापाशी आले. माझ्या हातातल्या स्टिकेकडं वाकून बघत म्हणाले, “हीच का ती?”

“हीच.”

“हिनंच मला मारलंत?”

मी मान वर केली.

“फार लागलं का हो?”

“लागलं थोडं,” ते म्हणाले. “विजार मात्र चांगली होती, पेपरातल्या फोटोत दिसली.”

“धुतेय ना मग!” मी ओरडले. “तांब्या घ्या तो. डावा हात धड आहे ना तुमचा? पाणी ओता.”

त्यांनी तांब्या घेतला आणि वरून पाणी ओतायला लागले. मी चोळत राहिले. त्या दिवशी अंगणातलं पाणी फाटकाखालून रस्त्यावर वाहत गेलं आणि पूजा दुपार टळल्यावर झाली. मधोमध कुणाची स्टिक ठेवायची, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. सगळ्या ओल्या होत्या, जिथं ऊन लागलं तिथं मांडल्या.